अनिताबाईंच्या रजिस्टरात न बसणारी मुलगी

खारवाडीच्या अनिताबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं गावात म्हणायचे. हे खोटं होतं. त्यांना सकाळपासून कारणं पुरवायला अख्खा पेण तालुका राबत होता.

अंगणवाडीचंच घ्या. देवळामागची एक खोली, तिला एक दार, आणि त्या दारातून मुलांपेक्षा बकऱ्या जास्त नियमित येत. वजनकाटा दोन किलो जास्त दाखवायचा. बाईंनी तो दुरुस्तीला पेणला पाठवला, तर 'चालू स्थितीत आहे' असा शेरा घेऊन तो परत आला, जाताना होता तसाच दोन किलो उदार. त्यामुळे कागदावर खारवाडीत एकही मूल अशक्त नव्हतं. नवरा प्रविण पेणच्या एसटी आगारात कंडक्टर. दिवसभर माणसांना 'पुढे सरका' सांगून तो घरी यायचा तेव्हा त्याच्याजवळ फक्त 'हं' उरलेला असायचा. बाई त्या एका 'हं'शी तासभर भांडू शकत.

शहाण्णव सालच्या संक्रांतीनंतर या कारणांत एक भर पडली. ती आठ वर्षांची होती आणि बोलत नव्हती.

मैना ही ठमाबाईची नात. ठमाबाई हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर घासायला जायची आणि संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी होऊन परतायची. तिची लेक शांती रोह्याला दिलेली. जावई पुंडलिक तिथल्या एका कंपनीत कंत्राटावर. शिफ्टला कमी आणि गुत्त्यावर जास्त. शांतीने नऊ वर्षं मार खाल्ला आणि मागच्या पावसाळ्यात ती साध्या तापाने गेली. त्यानंतर काही महिन्यांनी रोह्याच्या चाळीतली शेजारीण ताजुन्निसा मैनाला हाताला धरून गावाजवळच्या जित्याला गाडीतून उतरली. ठमाबाईच्या ओट्यावर पोरीला बसवलं, "मावशी, हिला परत पाठवू नका," एवढंच म्हणाली आणि परतीची गाडी गाठायला निघून गेली. का, ते ठमाबाईने तिला विचारलं असेल, पण गावाला सांगितलं नाही.

मैनाला शाळेत घातली. गुरुजींचा नियम सरळ होता. नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणेल तो हजर. मैना पुढच्याच बाकावर बसून पंधरा दिवस गैरहजर राहिली आणि मग तिचं नाव कमी झालं. आरोग्य केंद्रात नेली, तर तिथल्या डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं, जंताचं औषध दिलं आणि मुलगी ठणठणीत असल्याचं सांगितलं. राहिली अंगणवाडी. पण ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची. आठ वर्षांच्या मुलीसाठी बाईंच्या रजिस्टरात रकाना नव्हता. बाईंनी तो शोधला, सापडला नाही, म्हणून त्या रजिस्टरावर चिडल्या आणि मैनाला तशीच आत घेतली. तालुक्याची तपासणी आली की मैना 'पाणी द्यायला आलेली शेजारची मुलगी' व्हायची.

पोर त्रास काहीच द्यायची नाही. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायची. फक्त अंगणवाडीचा खाऊ म्हणून दिलेली सुकडी ती खात नसे. एके दिवशी बाईंनी बघितलं, तर तिने मूठभर सुकडी फ्रॉकच्या दुमडीत सरकवली.

"चोरी करतेस गो?" बाईंनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं. त्यांचा नेहमीचा आवाज म्हणजे वडखळच्या नाक्यावरून हाक मारली तर पेणला ऐकू जाईल असा.

मैनाने आजची सुकडी काढून पुढे ठेवली. मग कालची. मग त्याच्या आदल्या दिवसांची, बुरशी आलेली. सगळी नीट मांडून झाल्यावर तिने डोळे मिटले, गाल पुढे केला आणि ती थांबून राहिली. बाईंनी हातही उचललेला नव्हता. पण तो हात लपवावा कुठे, हे त्यांना कळेना.

त्या संध्याकाळी त्यांनी प्रविणला सगळं सांगितलं. प्रविण "हं" म्हणाला. त्या त्याच्याशी भांडल्या नाहीत, तेव्हा तो घाबरला.

गावाकडे अर्थातच निदान तयार होतं. कोणी म्हणे, आईचा जीव पोरीत अडकलाय. कोणी म्हणे, रोह्याचं पाणी लागलंय. एका भगताने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्यांचा ठसका आला नाही म्हणून बाधा आहे असं ठरवलं. दुसऱ्या भगताला ठसका आला. त्यावरूनही बाधाच ठरली.

आणि शिमग्याच्या आधी बाईंच्या हातून एक गोष्ट घडली. मदतनीस पाण्याला गेली होती, बकऱ्या दाराशी होत्या आणि बाईंना समोरच्या घरात एका बाळंतिणीचं नाव लिहून यायचं होतं. दोन मिनिटांचं काम. त्यांनी दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

दुसऱ्याच मिनिटाला आतून आवाज आला. दार वाजवल्याचा नव्हे; दारावर काहीतरी आपटत असल्याचा. बाई धावत परतल्या. मैना कपाळ दारावर आपटत होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती. फ्रॉक ओला झालेला. बारकी मुलं कोपऱ्यात गप्प बसलेली. दार उघडताच ती बाईंच्या हाताखालून निसटली आणि शेताच्या बांधाने जी पळाली, ती नऊ दिवस अंगणवाडीत आली नाही.

बाई त्याच संध्याकाळी ठमाबाईसमोर जाऊन बसल्या. "आता मला खरं सांगा. रोह्याला काय झालं होतं?"

ठमाबाई चेहऱ्यावरचं पांढरं पुसत राहिली. "सांगन्यासारखा काय हाय त्यात, बाई."

"मी आज तिला कडी घातली. मला कळायला पाहिजे मी काय केलं."

मग ठमाबाईने सांगितलं. शांती गेल्यावर पुंडलिक शिफ्टला जाताना पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप घालायचा. पोर रस्त्यावर जाऊ नये म्हणून. शिफ्टनंतर कधी यायचा, कधी गुत्त्यावरच लवंडायचा. आला की आईसारखाच तिलाही मारायचा. शेवटी एकदा दोन दिवस आलाच नाही. ताजुन्निसाने तिसऱ्या दिवशी सकाळी दगडाने कुलूप फोडलं.

बाई घरी आल्या आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. प्रविणनेच ताट झाकून ठेवलं.

एप्रिलात पेणला एका ट्रस्टतर्फे महिन्यातून एकदा मनाच्या डॉक्टर येऊ लागल्या. डॉ. नफिसा, मुंबईहून यायच्या, मूळच्या रोह्याकडच्याच. बाईंनी ठमाबाईला पटवलं. पण खारवाडीत दवाखान्याला एकट्यादुकट्याने जायची रीत नाही. माणूस आजारी पडला आणि त्याच्याबरोबर फक्त एकच जण गेला, तर त्या घराला कोणी नाही असा अर्थ निघतो. त्यामुळे मूर्ती नेणाऱ्या टेम्पोत मैना, ठमाबाई, बाई आणि आणखी नऊ माणसं अशी वरात पेणला पोहोचली. गावकीचे दाजी पुढे ड्रायव्हरशेजारी. गावकी म्हणजे देवळात बसणारं गावचं कोर्ट आणि दाजी त्याचे न्यायाधीश. वर प्रविणचे चुलते.

डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय तुझं?"

"मैना," नऊ जण म्हणाले.

"झोप येते का?"

"येते की," दाजी म्हणाले.

"येत नाय," ठमाबाई म्हणाली. "बसून झोपते, दाराकडं तोंड करून."

"म्हंजे येते," दाजी म्हणाले.

डॉक्टरांनी ठमाबाई, बाई आणि मैना सोडून सगळ्यांना बाहेर काढलं, हे दाजींना लागलं. मग डॉक्टरांनी पोरीला एकही प्रश्न विचारला नाही. पाऊण तास तिच्यापासून लांब जमिनीवर बसून राहिल्या आणि ठमाबाईशी गणपतीच्या सोंडा कशा घासतात याबद्दल बोलल्या. मग त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. दार कधीही बंद करू नये. हात लावण्याआधी सांगावं. रोज त्याच वेळी, त्याच माणसाने जेवायला द्यावं. खाण्याचा एक डबा फक्त तिचा, तो कधी रिकामा होऊ देऊ नये. बापाला भेटवायची वेळ आली, तर किती अंतरावर ते मुलीने ठरवावं.

"एवढी वर्षं घाबरण्याचंच काम केलंय हिने," डॉक्टर म्हणाल्या. "त्यावरच ती जगली. ते एका महिन्यात सोड म्हणून सांगता येत नाही."

"किती दिवस लागतील?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

बाईंना डॉक्टर आवडल्या होत्या, त्या तिथपर्यंत.

बाहेर टेम्पोपाशी कागदाचं जाहीर वाचन झालं. ऐकून गाव हिरमुसलं. "गोळी नाय? इंजेक्शन पन नाय?" दाजी म्हणाले. "एवढा टेम्पो भरून आलो, लाल औषध तरी द्यायचं." ठमाबाईलाही मनातून तसंच वाटत होतं, म्हणून बाईंनी दुकानातून टॉनिकची बाटली घेतली आणि ती डॉक्टरांनीच दिली असं सांगितलं. कागद मात्र त्यांनी अंगणवाडीच्या भिंतीवर लावला, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी.

चार महिने बाईंनी तो कागद पाळला. याचा अर्थ त्या चार महिने सगळ्या गावाशी भांडल्या. दार उघडं म्हणून बकऱ्या आत. बकऱ्यांवरून बकऱ्यांच्या मालकांशी भांडण. पोरीचे गाल ओढणाऱ्या म्हाताऱ्यांशी भांडण. 'डबा कशाला, लाडावते ती' म्हणणाऱ्या स्वतःच्या सासूशी भांडण. फळ म्हणावं तर एवढंच, की मैना आता डब्यातलं थोडं तिथेच बसून खायची आणि कधीमधी आडवी होऊन झोपायची. बोलणं नाहीच.

श्रावणात पुंडलिक लेकीला परत न्यायचं म्हणून आला. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ.

खारेपाटातल्या या खाडीकाठच्या गावांत माळ घालणं ही साधी गोष्ट नाही. माणूस दारू-मटण सोडतो आणि गाव त्याचं मागचं सगळं सोडून देतं. माळकऱ्याला त्याचं जुनं आयुष्य काढून दाखवणं म्हणजे माळेचा अपमान. आणि पुंडलिकने ती खोटी घातली नव्हती. चार महिने थेंबाला शिवला नव्हता. बाईंची पंचाईत झाली ती तिथेच. तो लबाड असता, तर भांडणाऱ्या बाईंना किती सोपं गेलं असतं.

ठमाबाईच्या पडवीत अर्धं गाव जमलं. कागदातल्या अंतराची आठवण बाईंनी करून दिली, ती कोणी ऐकली नाही. पुंडलिकने लेकीला हाक मारली. मैना उठली. तिने तांब्या भरून आणला आणि बापाच्या हातात दिला. 'बस' म्हटल्यावर बसली. नवा फ्रॉक दिला, तो घालून आली. तो हसला, तेव्हा ती हसली.

"बघा," दाजी म्हणाले. "कशी शान्यासारखी वागते. बापाची आठवन येत व्हती म्हनून गप व्हती पोर. डाक्टरनीला ह्ये कलला नाय."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बाई एकट्याच मैनाच्या पायांकडे बघत होत्या. पायांची बोटं शेणाच्या जमिनीत अशी रुतली होती, की उठल्यावर तिथे दहा खड्डे दिसले.

तो गेल्यावर मैना सकाळपर्यंत उकिडवी बसून राहिली. दोन दिवस ताप. डबा रिकामा, भरला की रिकामा, आणि खाताना मात्र कोणी बघितली नाही. पण हे सांगायचं कोणाला? बाईंच्या बाजूचा पुरावा म्हणजे पोरीने पाणी नीट आणून दिलं, हा.

आठवड्याने गावकी बसली. बायकांनी पायऱ्यांखाली बसून ऐकायचं असतं. बाई पायऱ्या चढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि बोलायला लागल्या. दाजींनी छताकडे बघितलं.

"दाजी, एकोननव्वदला आपल्या खाडीच्या बांधाला खांड पडली. किती दिवसांत बांधली?"

"तीन. घरटी एक मानूस व्हता," दाजी अभिमानाने म्हणाले.

"आणि भात कधी आलं?"

 मग मागून एकजण म्हणाला, "पयल्या साली काय पन नाय. दुसऱ्या साली पळिंज, आत दाना नाय."

"हेच सांगते. पुंडलिकभाऊंनी खांड बांधली. चांगलं केलं, माझा नमस्कार. पण खारं पाणी आत शिरून गेलंय. बांध झाला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी शेतावर भात मागायला जातं काय? मीठ धुवून निघायला पावसाळे जातात. पोरीला तेवढे पावसाळे द्या."

बाईंनी हे बोलणं तीन रात्री जुळवलं होतं. त्यांना वाटलं, लागलं. आणि लागलंही.

"माज्या शेतात तिसऱ्याच साली आला भात," एकजण म्हणाला.

"तुजा शेत उंचावर हाय. आमचा बघ, पाच वर्सं."

"पाच का झाली? उघाडी कोनी उघडी टाकली व्हती त्या वर्साला?"

"माजा नाव घेऊ नको."

भरतीचं पाणी अडवायच्या त्या उघाडीच्या फळ्या सात वर्षांपूर्वी कोणी टाकायच्या राहिल्या, यावर गावकी दीड तास चालली. बाई देवळाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. शेवटी दाजी घसा खाकरून म्हणाले, "तर ठरला. गौरी-गनपती झालं की पोर बापाकडं. फुडचा विषय." आणि पायऱ्या उतरणाऱ्या बाईंना हळूच म्हणाले, "सूनबाय, तुजा मुद्दा चांगला व्हता गो. पन ते शेत, ही पोर."

पुंडलिक सगळा वेळ खाली मान घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी ठमाबाई कारखान्यात आणि मैना अंगणवाडीत असताना बाईंनी त्याला हाताला धरून नव्हे, पण जवळजवळ तसंच, त्याच्या सासूच्या घरात नेलं. "चार महिने मी हिचा डबा भरते. तुम्ही येऊन गेल्यापासून काय झालंय, ते बघा."

भाताच्या कणगीमागे सुकडीची पुडी. गोधडीच्या शिवणीत चणे. कौलाखाली, चुलीमागे, पाटाखाली, ठमाबाईच्या जुन्या चपलेत. बाईंनी एकेक काढून त्याच्यासमोर ठेवलं. नऊ जागा. "एवढ्या मला सापडल्या," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांचा आवाज पेणपर्यंत काय, पडवीपर्यंतही गेला नसता.

पुंडलिकने सगळ्या पुड्या बघितल्या. मग त्याने घरभर नजर फिरवली, सावकाश. कोपऱ्यात कारखान्यातून आणलेली सोंड मोडलेली एक मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. आतून पोकळ. तो गेला, त्याने ती तिरपी केली आणि आत हात घातला.

"मला बाटली लपवायची असती, तर हितं लपवली असती," तो म्हणाला.

हातात खरंच बाटली आली. टॉनिकची. आत पाणी होतं, तोंडापर्यंत भरलेलं, बूच घट्ट लावलेलं.

बाईंना कळेना. पाणी कशाला लपवायचं? विहीर दारात.

"खोलीत नल नवता," पुंडलिक म्हणाला. "चालीचा नल भाएर."

तो बाटली घेऊन खाली बसला. मग त्याने ती होती तशी, बूच वर करून, परत आत ठेवली आणि मूर्ती भिंतीकडे वळवली.

तिथून तो सरळ दाजींकडे गेला. बाई मागे. दाजी ओटीवर सुपारी कातरत होते.

"मी पोरीला नेत नाय," पुंडलिक म्हणाला.

"गावकीनं ठरवलाय. गल्यात माल घालून शब्द फिरवतोस?"

"शब्द तुमचा व्हता दाजी. आनि माल हाय म्हनूनच खोटा बोलत नाय. मी नेली, तर ती चांगली वागंल. मला त्याचाच भ्या वाटते."

दाजींनी अडकित्ता खाली ठेवला आणि बाईंकडे बघितलं. "ह्याला तू फोडलास."

गावात त्यानंतर दोन मतं झाली. एक, पुंडलिकला जबाबदारी नको होती. दुसरं, अनिताबाईंना स्वतःला मूल नाही म्हणून त्या दुसऱ्याचं धरून बसल्या आहेत. बाईंना दोन मुलगे होते. पनवेलला मामाकडे शिकत होते. पण मत झालं की झालं. मैना खारवाडीत राहिली. एवढं एक मिळालं.

गणपतीनंतर कागदातलं शेवटचं कलम बाईंनी काढलं. मैनाला पडवीत उभी केली आणि विचारलं, "तुझे बाबा रविवारी येतील. कुठपर्यंत यायचं त्यांनी? तू जाऊन उभी राहा."

मैना अंगण ओलांडून गेली, कुंपण ओलांडून गेली, रस्ता ओलांडला आणि पाण्याच्या मोरीच्या कठड्यापाशी जाऊन थांबली. तिथून ठमाबाईचं घर दिसतं, एवढंच.

पुंडलिक दर रविवारी रोह्याहून गाडीने जित्याला उतरायचा, चालत यायचा आणि मोरीवर बसायचा. मैना पडवीत बसायची, मध्येच आत जायची, पुन्हा यायची. येणारेजाणारे त्याला विचारायचे, "काय पाव्हनं, वाट चुकलाव काय?" माळकरी माणूस, ऐकून घ्यायचा.

सहाव्या रविवारी बाई त्याला चहा घेऊन गेल्या. त्यांचं डोकं आधीच फिरलं होतं. आदल्या गुरुवारी पेणला गेल्या, तर ट्रस्टच्या खोलीला कुलूप, आणि दारावर कागद, की शिबिर बंद झालं आहे, चौकशी मुंबई कार्यालयात करावी. मुंबई कार्यालयाचा फोन कोणी उचलत नव्हतं.

"बाई, अजून किती दिवस असा बसायचा?" पुंडलिकने विचारलं.

"मला माहीत नाही."

"डाक्टरनी काय बोलल्या?"

"त्यांनापण माहीत नव्हतं. आता तर त्या येतच नाहीत."

"मंग आता कोनाला इचारायचा?"

बाईंनी आपल्याला आठवत होत्या तेवढ्या सगळ्या गोष्टींवर मनातल्या मनात चिडून घेतलं. ट्रस्टवर, तालुक्यावर, गुरुजींवर, दाजींवर, समोरच्या माणसाच्या त्या नऊ वर्षांवर, आणि कडी घालणाऱ्या स्वतःच्या हातावरही. "मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "अंतर तिनं ठरवायचंय. तिला विचारा."

"ती बोलत नाय ना, बाई."

"मग बसा इथंच."

पुंडलिक बसला. पडवीत मैना दोन्ही गुडघे जवळ घेऊन त्याच्याकडे बघत होती. परतीच्या गाडीला अजून दीड तास होता.